मोजायचे कुठून? भोर समितीपासून जनआरोग्य योजनेपर्यंत

सर्वांना आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, हा विचार सरकारी पातळीवर सविस्तर मांडणारा आपल्याकडचा पहिला मोठा दस्तऐवज १९४६ साली प्रसिद्ध झाला. ‘आरोग्य सर्वेक्षण आणि विकास समिती’ हे समितीचे अधिकृत नाव. पण ती ओळखली जाते अध्यक्षांच्या नावाने. सर जोसेफ भोर नाशिकला जन्मले, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि पुढे आयसीएस झाले. ऑक्टोबर १९४३ मध्ये, म्हणजे महायुद्ध चालू आणि बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना, त्यांच्याकडे हे काम आले. चार खंडांचा हा अहवाल मी गेल्या सात-आठ वर्षांत तीनदा वाचला. पहिल्या वाचनात शिफारशी पाहिल्या, दुसऱ्यात तक्ते. तिसऱ्या वेळी लक्षात आली ती त्याची मांडणी. समितीने आधी लोक मोजले, मग मरण मोजले आणि त्यानंतरच दवाखाने मोजले.

तो क्रम पाहण्यासारखा आहे. १९३७ साली ब्रिटिश भारतात जन्मलेल्या दर हजार बालकांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. इंग्लंड-वेल्समध्ये हाच आकडा ५८ होता. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. एकूण मृत्यूंपैकी निम्म्याच्या जवळपास मृत्यू दहा वर्षांखालच्या मुलांचे होते. हे सांगून झाल्यावर समिती वळते ती साधनांकडे: सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, हजार लोकसंख्येमागे पाव खाटसुद्धा नाही. मग येते तत्त्व. त्याचा आशय असा की, पैसे देता येत नाहीत एवढ्या कारणावरून कोणीही पुरेशा उपचारावाचून राहता कामा नये.

या लेखाचा विषय आहे महाराष्ट्रातील सरकारी आरोग्यविमा योजना. आधी जीवनदायी, मग राजीव गांधी जीवनदायी आणि आता महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, असा तिचा प्रवास. २०२३ साली शासनाने ती सर्व रहिवाशांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला. कागदावर पाहता भोर समितीचे स्वप्न आपण गाठले, असे कोणी म्हणाले तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. मात्र ते गाठले की नाही, हे ठरवायची पद्धत कोणती? लाभार्थी किती, दावे किती, मंजूर रक्कम किती, या तीन आकड्यांवर आपण थांबतो. भोर समितीने लावलेली मोजपट्टी वेगळी होती. ती मोजपट्टी हातातून कशी सुटली आणि पुन्हा हातात घ्यायची तर काय करावे लागेल, हे मला मांडायचे आहे.

१. सेवा आणि विमा

१९४०च्या दशकात आपल्याकडे दोन विचारप्रवाह शेजारी शेजारी वाहत होते. पहिला सेवेचा. काँग्रेसने १९३८ साली नेमलेल्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष होते मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिब सिंग सोखी. दर हजार लोकांमागे गावातलाच एक प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ता असावा, ही कल्पना त्या उपसमितीची. भोर समितीनेही सेवेचेच जाळे सुचवले. तातडीच्या आराखड्यात ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. दीर्घ मुदतीच्या आराखड्यात १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचे केंद्र, त्यावर ६५० खाटांचे आणि त्याहीवर जिल्ह्याचे २,५०० खाटांचे रुग्णालय. बहुसंख्य जनता वर्गणी भरण्याच्या स्थितीतच नाही, तेव्हा सेवा सरकारी महसुलातून आणि मोफत असावी, असा समितीचा कल होता.

दुसरा प्रवाह विम्याचा. औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अभ्यास करण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. त्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. त्या योजनेत विमा आणि सेवा एकत्र होत्या. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाई आणि त्याच्यासाठी दवाखानाही उभा राही. खोकल्याच्या औषधापासून शस्त्रक्रियेपर्यंत सारे एकाच छताखाली. आडारकरांच्या डोळ्यांसमोर होता महिन्याला पगार घेणारा कामगार. शेतमजूर, हमाल, मोलकरीण या चौकटीत बसत नव्हते. त्यांच्यासाठी सेवेचा प्रवाह होता.

तो सेवेचा प्रवाह मात्र आटत गेला. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, पण ७५ खाटांच्या जागी चार ते सहा खाटा आल्या. पुढे सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र हा निकष ठरला. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे ‘सर्वांसाठी आरोग्य’ अशी जगाने घोषणा केली. त्याच्या आधीच, १९७० साली, रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला गावातल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या बनवण्याचे काम सुरू केले होते. १९८१ मध्ये सामाजिक शास्त्रे आणि वैद्यकीय संशोधन या दोन राष्ट्रीय परिषदांच्या अभ्यासगटाने ‘सर्वांसाठी आरोग्य : एक पर्यायी धोरण’ हा अहवाल दिला. जे. पी. नाईक यांचा त्यामागे मोठा हात होता. बहुतेक आजार गावपातळीवर हाताळता येतात आणि मोठ्या इस्पितळावरचा भार त्यातूनच कमी होतो, हे त्यात पुन्हा सांगितले गेले. सोखी उपसमितीचा हजार लोकांमागचा कार्यकर्ता अखेर २००५ नंतर ‘आशा’ या नावाने देशभर आला. तोही मानधनावर.

२. जीवनदायी ते जनआरोग्य

१९९० नंतरचे चित्र वाचकांच्या आठवणीतले आहे. जिल्ह्याच्या गावी खासगी रुग्णालये उभी राहिली, हृदयाच्या शस्त्रक्रिया शक्य झाल्या आणि त्यांचे खर्च गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. या पार्श्वभूमीवर १९९७ मध्ये महाराष्ट्रात जीवनदायी आरोग्य योजना आली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड, मणका आणि कर्करोग अशा मोजक्या गंभीर आजारांसाठी ही मदत होती. कागदपत्रे आणि मंजुरी यांत वेळ जाई, पण सरकारने गरिबाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे बिल भरावे हे तत्त्व येथे मान्य झाले.

दहा वर्षांनी, १ एप्रिल २००७ रोजी, आंध्र प्रदेशात राजीव आरोग्यश्री सुरू झाली. २००८ साली केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. कुटुंबाने नोंदणीला ३० रुपये भरायचे, वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत उपचार मिळायचे. महाराष्ट्राने आंध्रचा नमुना घेतला. २ जुलै २०१२ रोजी गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. सरकार दर कुटुंबामागे ३३३ रुपये हप्ता विमा कंपनीला देत होते. लाभार्थ्याला काहीच भरावे लागत नव्हते.

२०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या मराठवाडा-विदर्भातील १४ जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकरीही तिच्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची प्रधानमंत्री जनआरोग्य योजना सुरू झाली: १०.७४ कोटी कुटुंबे, प्रत्येकी वर्षाला पाच लाख. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र चालू लागल्या. लगेच करोना आला आणि त्या काळापुरते राज्यातल्या प्रत्येकाला योजनेचे दार उघडले. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते कायमचे उघडले. संरक्षण पाच लाखांचे, उपचारांची यादी तेव्हा १,३५६ ची होती.

हा प्रवास लहान नाही. पाच आजारांपासून तेराशेच्या वर उपचार, दारिद्र्यरेषेच्या दाखल्यापासून सर्व रहिवासी. त्यात प्रत्येक रंगाच्या सरकारचा वाटा आहे. योजना बंद पाडण्याऐवजी प्रत्येकाने तिला नवे नाव देऊन पुढे नेले, ही आपल्या राजकारणातली दुर्मीळ चांगली गोष्ट.

३. नोंद कुठे तयार होते?

योजना कशी चालते ते थोडक्यात पाहू, कारण तिचे आकडे तिथेच जन्माला येतात. रुग्ण योजनेतल्या रुग्णालयात जातो. तिथल्या कक्षावर ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो. तो शिधापत्रिका आणि ओळखपत्र तपासतो. आजार यादीत बसत असेल तर डॉक्टर तपासण्यांचे कागद जोडून पूर्वमान्यता मागतात. मान्यता आली की उपचार, मग दावा, छाननी आणि ठरलेल्या दराने रुग्णालयाला पैसे. घरी सोडल्यावर थोड्या दिवसांचा पाठपुरावाही पॅकेजमध्ये असतो.

या साखळीतल्या प्रत्येक कडीची नोंद संगणकात होते. म्हणून योजनेचे संकेतस्थळ, विधिमंडळातली उत्तरे आणि जाहिराती सारे याच नोंदींवर बोलतात. यात लबाडी काही नाही. नोंद आरोग्यमित्रासमोर रुग्ण उभा राहिल्यावर सुरू होते, एवढेच. त्याच्या आधी काय घडले आणि जो तिथपर्यंत आलाच नाही त्याचे काय झाले, हे त्या नोंदवहीत येऊच शकत नाही.

आणि जे त्या नोंदवहीत येते तेही निर्दोष असते असे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. ७,४९,८२० लाभार्थ्यांची नोंद एकाच मोबाइल क्रमांकावर झालेली त्यात आढळली. तो क्रमांक म्हणजे ९ हा अंक दहा वेळा. आधीच्या उपचारात मृत म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या नावेही पुढे दावे भरले गेले होते. वर्तमानपत्रांनी याला घोटाळा म्हटले. त्यातला घोटाळा किती आणि घाईघाईत रकाना भरणाऱ्याचा आळस किती, हा वेगळा प्रश्न. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, लाभार्थ्यांच्या संख्येवर योजनेचे यश मोजायचे ठरवले की संख्या भरण्याचे काम आपोआप सुरू होते.

४. दुसरी नोंदवही

मी काही आरोग्यशास्त्र शिकलेलो नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो. शेवटची काही वर्षे शाखा सांभाळली. आरोग्यखर्चाकडे माझे लक्ष गेले ते तिथल्या सोनेतारण कर्जाच्या अर्जांमुळे. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा रकाना होता. त्यात लग्न, शिक्षण, घरदुरुस्ती आणि सर्वांत जास्त वेळा ‘शेती’ लिहिलेले असे. एकदा एक वयस्कर बाई कानातली फुले आणि डोरले घेऊन आल्या. “मावशी, कारण काय लिहू?” मी विचारले. “शेतीच लिही रे बाबा. सगळे तेच लिहितात. तसे नातवाला डेंगू झालाय, त्याला अ‍ॅडमिट केलंय.” शेतीचे कारण असले की कर्ज लवकर मंजूर होते, असा लोकांचा समज होता. त्या दिवसानंतर मी तोंडी विचारू लागलो आणि कागदावरच्या ‘शेती’मागे दवाखाना किती वेळा निघतो ते ऐकत गेलो.

ही आकडेवारी नव्हे, एका खिडकीतून केलेले निरीक्षण आहे. तरी त्यात एक बदल मला स्पष्ट दिसला. २०१३ नंतर हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी पाटल्या-गोठ ठेवायला येणारी माणसे कमी झाली. योजनेचे हे श्रेय तिला द्यायलाच हवे. छोटी तारणे मात्र थांबली नाहीत. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या, सोनोग्राफी, तीन दिवसांचे सलाईन, दाखल होण्याआधी ‘बाहेरून’ करायला सांगितलेल्या तपासण्या. एका गृहस्थांचे डायलिसिस योजनेत मोफत होते, पण आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी जायचे भाडे आणि सोबत जाणाऱ्या मुलाची बुडालेली मजुरी यासाठी त्यांच्या पत्नीचे मंगळसूत्र दोन वर्षे आमच्या तिजोरीत होते. योजनेच्या नोंदीत हे गृहस्थ पूर्ण यशस्वी लाभार्थी होते. आमच्या नोंदीत ते थकबाकीदार होते.

या निरीक्षणाला मोठ्या सर्वेक्षणांचा आधार मिळतो का, हे शोधण्यासाठी मी वाचू लागलो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातली. तेव्हा ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागातील सुमारे ८१ टक्के लोकांना कोणतेही आरोग्यविमा संरक्षण नव्हते. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेला तेव्हा नऊ-दहा वर्षे झाली होती. त्याच फेरीत बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. शक्तिवेल सेल्वराज आणि अनुप करण यांनी २०१२ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त घरगुती खर्चाच्या आकड्यांवरून दाखवले की, अशा योजनांमुळे गरीब कुटुंबांचे खर्चापासून म्हणावे तसे रक्षण होत नाही. मुख्य कारण साधे आहे. लोकांच्या खिशातून जाणाऱ्या पैशाचा मोठा भाग दाखल न होता घेतलेल्या उपचारांवर आणि औषधांवर जातो, आणि विमा सुरू होतो तो दाखल झाल्यावर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारी खर्च २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१३ टक्के होता, तो १.८४ टक्के झाला. दिशा चांगली आहे. फक्त वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. दुसरे, घरगुती खर्चाचा अलीकडच्या वर्षांचा अंदाज २०१७-१८ च्या त्याच सर्वेक्षणावरून पुढे ओढलेला आहे. म्हणजे या अंदाजामागचा, घराघरात जाऊन विचारलेला प्रश्न करोनाच्या आणि पाच लाखांच्या योजनेच्या आधीचा आहे.

५. तुलना कोणाशी?

चांगले मूल्यमापन अशक्य नाही. दोन उदाहरणे देतो. मेक्सिकोने २००३ मध्ये कायदा करून ‘सेगुरो पॉप्युलर’ ही विमा योजना आणली. योजना टप्प्याटप्प्याने देशभर जाणार होती, तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनी सरकारच्या संमतीने सारख्या वाटणाऱ्या भागांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एका भागाला चिठ्ठी टाकावी तसे आधी योजनेत घेतले. दहा महिन्यांनी दोन्हीकडच्या घरांत जाऊन विचारले. घर बुडवणाऱ्या मोठ्या आरोग्यखर्चाचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटलेले आढळले. औषधांवरच्या खर्चात आणि लोकांच्या आरोग्यात त्या अल्पकाळात फरक दिसला नाही. हे दोन्ही निष्कर्ष २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. सरकारने आपल्याच योजनेची ही परीक्षा सुरुवातीलाच लावून घेतली होती, हे महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण शेजारचे. कर्नाटकने २०१० मध्ये ‘वाजपेयी आरोग्यश्री’ आधी राज्याच्या उत्तर भागात सुरू केली. सीमेच्या अलीकडे योजना असलेली गावे, पलीकडे नसलेली. संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या गरीब घरांत जाऊन मृत्यू मोजले. योजनेत बसणाऱ्या आजारांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण योजनेच्या गावांत ०.३२ टक्के, तर शेजारच्या गावांत ०.९० टक्के. हा अभ्यास २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. विमा योजनांवर सरसकट टीका करणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. मोठ्या आजारात विमा माणूस वाचवू शकतो.

या दोन्ही अभ्यासांची पद्धत एकच आहे. सुरुवात रुग्णालयातून न करता घरातून करायची, आणि लाभ मिळालेल्याची तुलना लाभ न मिळालेल्याशी करायची. २०१२ मध्ये महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत योजना सुरू झाली तेव्हा उरलेल्या जिल्ह्यांना सोळा महिने थांबावे लागले. कर्नाटकसारखी तुलना करायला एवढा अवधी पुरला असता. ती संधी गेली. आपल्याकडे झालेले स्वतंत्र अभ्यास छोटे आहेत, तरी मोलाचे आहेत. मुंबईतल्या लाभार्थ्यांवरच्या २०१५ च्या एका अभ्यासात ‘कॅशलेस’ म्हणवणाऱ्या उपचारांतही तपासण्या आणि औषधांसाठी पैसे भरावे लागल्याचे आढळले. ‘सेहत’ या संस्थेने २०१७ मध्ये योजनेचा अभ्यास केला, त्यात योजनेतील रुग्णालये काही जिल्ह्यांत एकवटल्याचे दिसते. सिरोंच्याहून नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर आहे. तिथल्या माणसाच्या हातातले पाच लाखांचे कार्ड आणि पुण्यातल्या माणसाच्या हातातले कार्ड यांची किंमत एक नाही.

घरातून मोजणी करणे महाराष्ट्राला नवे नाही. २००१ साली डॉ. अभय बंग आणि तेरा संस्थांच्या गटाने ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंवरचा अहवाल काढला. कार्यकर्ते गावोगाव, वस्तीवस्तीत फिरले, घरोघर विचारले आणि सरकारी नोंदीत न आलेले कितीतरी बालमृत्यू समोर आणले. विधिमंडळात वाद झाला, पण शासनाने पुढे बंग यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि बालमृत्यू हा आरोग्य खात्याचा अग्रक्रमाचा विषय झाला. खरी मोजणी झाली म्हणून हे घडले.

६. ज्यांचे नाव, त्यांची कसोटी

योजनेला महात्मा फुल्यांचे नाव आहे. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे फुल्यांनी जे निवेदन दिले, त्याचा गाभा हा की, सरकारचा महसूल उभा राहतो रयतेच्या कष्टांवर, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. म्हणून प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम द्या आणि ते सक्तीचे करा. वरून खाली ज्ञान झिरपेल, हा सरकारचा सिद्धांत त्यांना मान्य नव्हता. सरकारी अहवालांत शाळांची संख्या होतीच. शूद्रातिशूद्रांची किती मुले शाळेत पोचली, हा प्रश्न त्यांनी विचारला.

शिक्षणाच्या जागी आरोग्य ठेवून पाहा. करातून आलेला पैसा शहरांतल्या मोठ्या शस्त्रक्रियांकडे किती आणि उपकेंद्रातल्या रक्तदाबाच्या गोळीकडे किती? ती गोळी वेळेवर मिळाली तर काही शस्त्रक्रिया आणि काही डायलिसिस लागणारच नाहीत. पण टळलेल्या शस्त्रक्रियेचा दावा कोणी भरत नाही. त्यामुळे दाव्यांवरून यश मोजणाऱ्या व्यवस्थेत चांगले चाललेले उपकेंद्र दिसत नाही. उलट उपकेंद्र बंद पडले आणि आजार बळावले, तर योजनेचे आकडे फुगतात आणि आपण त्याला प्रगती म्हणतो. या लेखातली माझी मुख्य भीती हीच आहे.

योजना रद्द करा, असे मी म्हणत नाही. पाटल्या-गोठ वाचलेली घरे मी पाहिली आहेत. माझे म्हणणे एवढेच की दर तीन वर्षांनी राज्याने एक घरगुती पाहणी करावी आणि ती योजना चालवणाऱ्या यंत्रणेकडे न देता बाहेरच्या संस्थेकडे द्यावी. तिच्यात चार प्रश्न असावेत. गेल्या वर्षात घरात कोण आजारी पडले आणि त्यांच्यापैकी कोण उपचाराला गेलेच नाही, का? गेलेल्यांचा भाडे, तपासण्या, औषधे आणि बुडालेली मजुरी धरून एकूण किती खर्च झाला? तो पैसा कुठून आला: बचतीतून, उसनवारीतून, की तारणातून? आणि घरातले कोणी दगावले असेल, तर कोणत्या आजाराने आणि कुठे? उत्तरे तालुक्यानुसार छापावीत, म्हणजे सिरोंचा आणि हवेली एकाच सरासरीत मिसळणार नाहीत.

भोर समितीने असेच प्रश्न युद्धाच्या धामधुमीत, फाळणीच्या उंबरठ्यावरच्या देशात विचारले होते. आज आपल्याकडे प्रत्येक गावात आशा आहे, प्रत्येक आशेच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येक घराची यादी तिच्याकडे आहे. मोजणी तिच्या यादीतल्या पहिल्या घरापासून सुरू करता येईल.